हस्कीचं पिल्लू १० आठवड्यांचं आहे, फिरवायला कधीपासून न्यावं?

लातूरकर_भाऊ:
नमस्कार मंडळी, आमच्याकडं हस्की जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणलंय, मेल आहे, आत्ता १० आठवड्यांचा झालाय. पहिली लस झाली, दुसरी ह्या आठवड्यात आहे. ह्याला बाहेर फिरवायला कधीपासून न्यायचं आणि किती वेळ? दिवसभर गेटच्या खालच्या फटीत नाक घालून बसायलाय अन् रस्त्यानं कुणी गेलं की रडायलाय, बघवत नाही. आई म्हणते लेकराला उगं कोंडून ठेवलाव, ने की बाहेर. पण आमच्या गल्लीत मोकाट कुत्री लई आहेत म्हणून भ्या वाटतंय. लहान भाऊ म्हणतो ही जात पळायचीच आहे, दोन महिन्यांनी स्कुटीला बांधून पळवू. आणि पट्टा बांधला की जागेवरच फतकल मारतंय, पट्टा चावत बसतंय, पुढं सरकतच नाही. कुणी अनुभवी असेल तर सांगा.

परभणीची_ताई:
भाऊ, आईचं पण बरोबर आहे अन् तुमची भीती पण बरोबर आहे. लसीचा कोर्स पूर्ण होईस्तोवर रस्त्यावर, मैदानात खाली सोडू नका. डोस साधारण ३-४ आठवड्यांच्या अंतरानं असतात अन् शेवटचा १६ आठवड्यांच्या आसपास येतो, त्यानंतर अजून एक-दोन आठवडे थांबायचं. रेबीजची लस ३ महिन्यांनंतर असते, ती विसरू नका. खरी भीती पार्वो नावाच्या विषाणूची. आजारी कुत्र्याच्या शीमधनं तो मातीत जातो आणि कित्येक महिने तिथंच जिवंत राहतो, म्हणजे कुत्रं दिसत नाही म्हणून जागा सुरक्षित असं काही नाही. चपलेला लागून घरात पण येतो, तेव्हा चपला-बूट गेटपाशीच ठेवा, आणि फिनाईलनं फरशी पुसली की झालं असं समजू नका, पार्वोला ब्लीचिंगच लागतं. उलट्या किंवा रक्ताची घाण वासाची जुलाब दिसली तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा.

पण कोंडून पण ठेवू नका!! हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतेय कारण लोक हीच गोष्ट सोडतात. पिल्लू साडेतीन महिन्यांचं होईस्तोवर जे बघतं-ऐकतं त्याची भीती त्याला पुढं राहत नाही. तर उचलून न्या. कडेवर घेऊन कोपऱ्यापर्यंत जा, घंटागाडी येते तेव्हा गेटपाशी मांडीवर घेऊन बसा, गंजगोलाईच्या बाजाराच्या कडेला गाडीत बसून गर्दी दाखवा, ट्रॅक्टर, शेळ्या, बँडबाजा, हेल्मेट घातलेला माणूस, सगळं लांबून दिसू द्या. घाबरलं तर मागं सरका, जबरदस्ती नको. फक्त कडेवरनं खाली ठेवायचं नाही. ओळखीत कुणाचं लस झालेलं शांत कुत्रं असलं तर त्याला घरी बोलवा.

संभाजीनगर_गारखेडा:
ताईंनी लसीचं सांगितलं, मी उन्हाचं सांगतो. हिशेब करा, आत्ता फेब्रुवारी संपायलाय, १६ आठवडे भरणार एप्रिलच्या सुमारास, म्हणजे पहिल्यांदा जमिनीवर पाय टाकायची वेळ ऐन उन्हाळ्यात येणार. आपल्याकडं तेव्हा पारा चाळीशी ओलांडतो अन् हा सैबेरियाच्या थंडीतला दुहेरी केसाचा जीव. म्हणून पहाटे साडेपाच-सहालाच, ऊन वर यायच्या आत परत. हाताची मागची बाजू रस्त्यावर ७ सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजाला पण सोसत नाही. किती वेळ म्हणाल तर लोक वयाच्या एका महिन्याला ५ मिनिटं धरतात, ४ महिन्यांचा असला तर २० मिनिटं. हा काही पक्का नियम नाही पण अंदाजाला बरा आहे, मधीच बसलं तर उचलून घरी आणा.

स्कुटीचा विषय डोक्यातनं काढून टाका. हाडांची वाढ पुरी व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं, त्याआधी डांबरावर पळवलं तर सांधे कायमचे बिघडू शकतात. वाढ झाल्यावर पण स्कुटी नकोच, आपल्या उन्हात तर अजिबात नको, मालकाच्या मागं पळताना ही जात थांबतच नाही.

नांदेड_०२:
आम्ही तर रात्री जेवण झाल्यावर फिरवतो, पहाटे कोण उठणार. आणि उन्हाळ्यात केस बारीक करून टाकायचे, गरमीच होत नाही मग.

संभाजीनगर_गारखेडा:
नांदेडकर, केस कापू नका हो, कळकळीनं सांगतो. वरचे केस ऊन अडवतात, मशीन मारली तर कातडी भाजते आणि नंतर केस नीट येतीलच असं नाही. रोज विंचरून आतला मऊ सुटलेला केस काढा, तेवढं बास. आणि मे महिन्यात सिमेंटचा रस्ता रात्री ९ ला पण तापलेलाच असतो, हात लावून बघा एकदा. फिरताना खूप धापायला लागलं, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक झाल्या किंवा झोकांड्या गेल्या तर लगेच सावलीत घ्या, साधं पाणी पोटावर-पायावर ओता, पंखा लावा, डॉक्टरकडं पळा. बर्फाचं पाणी नको.

लातूरकर_भाऊ:
लई उपयोगी सांगितलं दोघांनी. भावाला पण दाखवलं वाचायला. पट्ट्याचं काय करू मग?

परभणीची_ताई:
आत्तापासून घरातच सुरू करा, तुमच्या हातात अजून दीड-दोन महिने आहेत. आधी नुसता पट्टा बांधून जेवण द्या अन् लगेच काढा. सवय झाली की दोरी लावून घरात मोकळं फिरू द्या, तुमची नजर पाहिजे. मग दोन पावलं मागं सरकून बोलवा, आलं की उकडलेल्या चिकनचा बारकासा तुकडा. ओढत नेऊ नका, ओढलं की ते अजूनच बसतं. बाहेरसाठी हार्नेसच (छातीभोवती बांधायचा पट्टा) घ्या, ही जात बर्फावरची गाडी ओढायला तयार केलेली, गळ्यात जोर आला की खोकतात. पण आत्ता महागाचा घेऊ नका, महिन्यात आखूड होतो. अन् मोठं झालं तरी रस्त्यावर मोकळं कधीच सोडायचं नाही, शेळी दिसली की मागं लागतं मग हाक मारून उपयोग नाही. फिरून आलं की कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघत जा, जवळपास गोठा असेल तर रोज.