भगंदरचा दोरा चालूय, कुणाला अनुभव असंल तर सांगा

नमस्कार मंडळी, मी जिंतूरकडचा, वय 34. आधी गळू आलं, फोडून घेतलं, बरं झालं म्हणलं तर दोन महिन्यांनी त्याच जागी पुन्हा पू यायला लागला, एमआरआयमधी भगंदर निघालं, म्हंजी संडासच्या जागेजवळ आतून बाहेर पडलेली पुवाची वाट. आता क्षारसूत्र चालूय, म्हंजी त्या वाटेत औषध लावलेला दोरा घालून ठेवतात, दर आठ दिवसाला दोरा बदलायला परभणीला जातो, चार झाले. त्या दिवशी लई आग व्हायलीय, टबात कोमट पाण्यात बसलं की जरा बरं. पण येताना एसटीत खड्डा आला की जीवच जातो, मी तिरका बसतो अन् बाजूचा म्हणतो नीट बसा की राव! आईला मूळव्याधच सांगितलंय. तुमचा दोरा गळून पडायला किती आठवडे लागले? अन् कपड्याला डाग पडू नये म्हणून काय वापरता? ठेचा तर बंदच केलाय.