कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन होऊ दे एकदाची! (विरोध असणाऱ्यांनी कारणं द्या, नुसतं 'अस्मिता' म्हणू नका)

वीरपर्यंतडबल
२०२५ साली महाराष्ट्र सरकारनंपण विलीनीकरणाला होकार दिला, नाव 'कोकण रेल्वे'च राहिलं पाहिजे या अटीवर. गोवा, कर्नाटक, केरळ आधीच तयार होते. तरी आमच्या ग्रुपवर रोज कोणीतरी गळा काढतंय की आपली रेल्वे दिल्लीवाले खाणार. मला एक कळत नाही, आपली म्हणजे कशी आपली? १९९० च्या जुलैत कोकण रेल्वे कॉर्पोरेशन काढलं तेव्हाच ५१ टक्के वाटा रेल्वे मंत्रालयाचा होता, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ सहा-सहा. दिल्लीचीच होती, फक्त दिल्लीच्या बजेटमधून तिला इतर झोनसारखा सरळ पैसा मिळत नव्हता. म्हणजे सासरीपण नाही आणि माहेरीपण नाही.

कॉर्पोरेशन काढलं ते लाईन बांधायला, त्यात ते पास झालं, मान्य. पण चालवायला लागल्यावर काय? साधारण ७४० किमी लाईन, त्यातला डबल ट्रॅक फक्त रोहा ते वीर, ४७ किमीच्या आसपास, तोपण २०२१ ला पूर्ण झाला. बाकी सगळी सिंगल. गणपतीत जादा गाड्या सोडल्या की आधीच्या गाड्या लेट, कारण रूळच एक आहे हो, गाड्या काय एकमेकींच्या डोक्यावरून नेणार? कर्ज काढून, रोखे विकून एवढं मोठं दुपदरीकरण होणार नाही, त्याला केंद्राचा पैसाच लागेल. माझ्या बाजूनं विषय संपला. बोला.

घाटमाथ्यावरचा
विषय संपला म्हणून धागा काढणारा पहिलाच बघितला 😄

सेवानिवृत्त_ओव्हरसियर
विरोध आहे, आणि कारणंपण आहेत. जरा लांब लिहितो, घाई असेल त्यांनी पुढे जावं.

पहिली गोष्ट, ही लाईन कशी झाली ते आजच्या पोरांना माहीत नाही. रेल्वेच्या नेहमीच्या पद्धतीनं म्हणजे दरवर्षी बजेटमध्ये चार पैसे टाकायचे आणि पुढच्या वर्षी विसरायचं, तसं असतं तर आजपण आपण एस्टीनं कशेडी घाट चढत असतो. आपट्यापासून रोह्यापर्यंतचा तुकडा घ्या. मधु दंडवते १९७७ ला रेल्वेमंत्री झाले तेव्हा त्याला गती आली आणि रोह्याला गाडी पोचली १९८६ ला! आपटा ते रोहा अंतर ते केवढं! याच हिशोबानं मंगळूरला कधी पोचलो असतो ते ज्यानं त्यानं काढावं. नाथ पै लोकसभेत बोलून थकले, अ. ब. वालावलकरांनी आयुष्य घातलं, पण लाईन झाली कधी? जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री, एक मंगळूरचा, दुसरे राजापूरचे खासदार, हा योग १९८९-९० ला जुळला तेव्हा. कॉर्पोरेशनच्या प्रमुखपदी ई. श्रीधरनना बसवलं, बेलापूरला ऑफिस, बाजारातून पैसा उचलला आणि १५ सप्टेंबर १९९० ला रोह्याला पायाभरणी.

चाळीस हजारांवर जमीनमालक होते. ९१ बोगदे, मिळून ८० किमीच्या वर. करबुड्याचा एकटा साडेसहा किमी. पानवलचा पूल ६४ मीटर उंच, आणि तिथं गर्डर क्रेननं उचलून बसवलेला नाही, एका टोकाला ओतत ओतत पुढे ढकलत नेला, ही पद्धत आपल्या देशात तिथंच पहिल्यांदा वापरली. आणि हे सगळं करताना चढ ठेवला १ ला १५० चा, म्हणजे दीडशे मीटर गेल्यावर एक मीटर वर. बोरघाटात १ ला ३७ आहे म्हणून तिथं आजपण मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात. सह्याद्रीच्या पायथ्यानं जाऊन असा सपाट रूळ टाकायचा म्हणजे डोंगर आला की बोगदा आणि दरी आली की पूल, वळसा घालायची सोय नाही. रूळ ताशी १६० किमी वेगाच्या हिशोबानं आखला होता.

आणि तुम्ही म्हणता बांधलं ना, आता गुंडाळा.

वीरपर्यंतडबल
काका तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. बांधण्यासाठीच काढलेली कंपनी होती, बांधा, चालवा, कर्ज फेडा आणि रेल्वेच्या ताब्यात द्या अशीच मूळ कल्पना होती ना? मग ठरल्याप्रमाणे द्या की. आणि कोकण रेल्वेचे इंजिनिअर हुशार आहेत यात वादच नाही, चिनाबचा पूल त्यांच्याच देखरेखीखाली झाला, नदीपासून ३५९ मीटर वर, जून २०२५ ला सुरूपण झाला. तिकडे जम्मूत जगातला सर्वात उंच रेल्वेपूल होतो आणि इकडे वीरच्या पुढे दुसरा रूळ होत नाही! कारण तिकडे पैसा केंद्राचा होता. हेच तर म्हणतोय.

दिवा_प्लॅटफॉर्म_सात
पूल बिल ठीक आहे. आम्हाला सांगा रत्नागिरी पॅसेंजर दादरवरून सुटायची ती कोरोनानंतर दिव्यावरून का सुटते? म्हातारी माणसं, पोरं, पिशव्या, वर फणस, ते सगळं घेऊन आधी दिव्याला जायचं तेपण लोकलच्या गर्दीतून. परवा दिव्याला एक आजी बघितल्या, गाडी लागायच्या आधी दोन तास पेपर अंथरून बसलेल्या, सुनेला सांगत होत्या की तू खिडकीतून पिशवी टाक मी दारातनं येते. सत्तरीची बाई. कोकणातल्या माणसाला साधी गाडी दादरवरून मिळत नाही आणि वंदे भारत आली म्हणून पेढे वाटा. विलीन करा नाहीतर विकून टाका, आम्हाला काय फरक पडतो.

सेवानिवृत्त_ओव्हरसियर
फरक इथंच पडतो. दादर काय, दिवा काय, हे सगळं मध्य रेल्वेच्या हद्दीत आहे. कोकण रेल्वेची हद्द रोह्याला सुरू होते. मुंबईत प्लॅटफॉर्म कुठल्या गाडीला द्यायचा हे बेलापूरवाले ठरवतच नाहीत. म्हणजे ज्या भारतीय रेल्वेत विलीन व्हायला तुम्ही नवस बोलताय, तुमची पॅसेंजर दिव्याला नेली तीच भारतीय रेल्वे! आणि विलीन झाल्यावर ही लाईन अखंड राहील कशावरून? थोडी मध्य रेल्वेला, थोडी दक्षिण पश्चिमला, खालचा तुकडा दक्षिणला. आज रत्नागिरी आणि कारवार असे दोन विभाग आहेत आणि वर बेलापूर. उद्या रत्नागिरीच्या माणसाला तक्रार घेऊन कुठं जावं लागेल?

घाटमाथ्यावरचा
हा मुद्दा जबरी आहे. धागाकर्ते कुठे गेले?

माडाखालचो
मी मुद्दामच मालवणीत लिवतंय, कोणाक समजला नाय तर इचारा.

माजो आजो बोटीन मुंबैक जाय. भाऊच्या धक्क्यार्सून बोट, मगे वेंगुर्ल्याक खोल पाण्यात उबी, थयसून पडावात उतरूचा. पावसाळ्यात बोटी बंद म्हणजे बंद, घराकडे कोण मेला तरी कागद येय तेवाच कळा. १९४७ च्या गटारीक रामदास बोट बुडली रेवसाक जाताना, सहाशेच्या वर माणसा गेली, त्येच्यानंतर आजयेन आजाक बोटीत चढूक दिल्यान नाय कितीतरी वर्सां. तेवा ज्येंका सिंगल लायनीचो राग येता त्येंनी जरा गप ऱ्हवा.

आता प्रमाण मराठीत. माझ्या घरातला पहिला रेल्वे प्रवास सावंतवाडीवरूनच झाला, डिसेंबर १९९६ नंतर, म्हणजे खेड ते सावंतवाडी गाडी चालू झाल्यावर. गोव्यातला पेडण्याचा बोगदा तेव्हा व्हायचा होता. त्यामुळे काही काळ सावंतवाडी हेच टोक होतं, तिथून सगळं जग मुंबईकडे. पहिल्यांदा गाडी आली तेव्हा काय गर्दी, माणसं इंजिनाला हार घालून नारळ फोडत होती. माझी आई डब्यात चप्पल काढून चढली, देवळात जाते तशी. हसू नका.

आमच्यासाठी कंपनी असो की सरकार, गाडी आली पाहिजे आणि थांबली पाहिजे. थांबण्याचं मात्र खरं आहे. केरळच्या काही गाड्या पनवेल सोडली की रत्नागिरीला श्वास घेतात आणि मग थेट गोव्यात. सिंधुदुर्गातून नुसता भोंगा ऐकू येतो.

आकडेमोड
त्याचं कारण साधं आहे, पैसे. कर्ज काढून बांधलेली लाईन, व्याज फेडायचं तर लांबचे प्रवासी आणि मालगाड्या हव्यात, खेड ते चिपळूण जाणाऱ्याच्या तिकिटात काय निघणार? आधी मुंबईहून मंगळूरला रेल्वेनं जायचं म्हणजे पार आत वळसा घालून, २००० किमीच्या घरात प्रवास, तो निम्म्याहून कमी झाला. खरा फायदा केरळला आणि मंगळूरला, आणि मुंबईतल्या तिकडच्या लोकांना. यात वाईट काही नाही पण 'कोकणासाठी कोकण रेल्वे' हे ऐकलं की मला हसू येतं. वर या मार्गावर भाडं लावताना प्रत्यक्षापेक्षा जास्त किलोमीटर धरतात, हे किती कोकणवाल्यांना माहीत आहे? विलीन झालं तर निदान हे जादा किलोमीटर जातील अशी आशा तरी करता येईल. म्हणून माझं मत विलीनीकरणाच्या बाजूनं, पण वीरपर्यंतडबल यांच्या कारणासाठी नाही.

(मालगाडीचं एक मात्र कौतुक, ट्रक रेल्वेवर चढवून न्यायची रो-रो १९९९ ला कोलाड-वेर्णा चालू केली ती डोकेबाज कल्पना होती. तीच कल्पना २०२५ च्या गणपतीत कारसाठी काढली, एका कारचे जवळपास आठ हजार, आणि कार चढवायची कोलाडला. म्हणजे मुंबईपासून कोलाडपर्यंत हायवेचे खड्डे खाऊन झाल्यावर. प्रतिसाद मिळाला नाही याचं आश्चर्य कुणाला वाटलं असेल?)

पेडणेकार
पेडण्याचं नाव आलं म्हणून लिहितो. तुमच्याकडे हार घालत होते तेव्हा गोव्यात मोर्चे निघत होते हे विसरू नका. लाईन किनाऱ्याच्या बाजूनं खाजणातून न्यायची की आतून, यावर १९९३ ला एवढा वाद झाला की गोव्यातलं काम थांबवून ओझा समिती नेमली. खाजण म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेती, तिथं भराव टाकला की पाण्याची वाट बदलते. शेवटी मार्ग साधारण तोच राहिला. आणि बोगद्याचं म्हणाल तर दीड किमीचा बोगदा, पण आत दगडच नाही, पाण्यानं भरलेली मऊ माती, खणलं की वरून परत तेवढंच खाली. करबुडे साडेसहा किमी असून सोपा गेला आणि पेडण्यानं वर्षानुवर्षं आणि माणसांचे जीवपण घेतले. तो अजून विसरू देत नाही, २०२० च्या ऑगस्टमध्ये आतली भिंत ढासळली, २०२४ च्या जुलैत रुळाखालून पाणी आणि चिखल वर आला, दोन्ही वेळा गाड्या पार मिरजेकडून फिरवल्या.

मला भीती एवढीच की हा बोगदा ज्यांना माहीत आहे ती माणसं बदल्या होऊन दुसरीकडे गेली तर? मोठ्या रेल्वेत आज इथं, तीन वर्षांनी बिलासपूर.

वीरपर्यंतडबल
आलो. ऑफिस होतं.

ओव्हरसियरकाका, दिव्याचा मुद्दा मान्य, माझ्याकडे त्याला उत्तर नाही. पण मग वेगळा झोन मागू या ना, रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर, अखंड, मुख्यालय बेलापूर किंवा रत्नागिरी. तुकडे केले तर मीपण विरोधात उतरेन. आणि मग निदान दोघांच्या मध्ये चेंडू फिरणार नाही. आज खासदाराने विचारलं की मध्य रेल्वे म्हणते त्यांचं, बेलापूर म्हणतं त्यांचं.

पण पावसाळी टाइमटेबल हा प्रकार मात्र आळस आहे. चार चार महिने गाड्या हळू.

सेवानिवृत्त_ओव्हरसियर
आळस?? २२ जून २००३, वैभववाडीजवळ, कारवारहून मुंबईला येणारी सुट्टी स्पेशल, कटिंगमधला, म्हणजे डोंगर कापून केलेल्या वाटेतला, दगड रुळावर आलेला, पन्नासच्या वर माणसं गेली. वर्ष होतं न होतं तोच १६ जून २००४ ला मत्स्यगंधा एक्स्प्रेस करंजाडीजवळ पुलावरून खाली. त्यानंतर कटिंगचे उतार कमी केले, जाळ्या लावल्या, पावसात गस्त वाढवली आणि वेग कमी केला. रात्री दोन वाजता कंदील, टॉर्च घेऊन, खांद्यावर घोंगडी टाकून पावसात रुळावरून चालणारा माणूस कधी बघितलाय? माझ्या ओळखीत असे दोघं आहेत. एकजण म्हणतो दगड पडायच्या आधी वास येतो, ओल्या मातीचा, ताज्या नांगरटीसारखा. खरं खोटं देव जाणे पण मी त्याला आळशी म्हणणार नाही. आणि दिवसांचं म्हणाल तर २०२५ पासून ते कमी केलेत, १५ जून ते २० ऑक्टोबर.

दुपदरीकरणाचंपण ऐका. रोहा-वीर त्या मानानं सपाट पट्टा म्हणून झाला. पुढे प्रत्येक बोगद्याच्या शेजारी दुसरा बोगदा खणायचा आहे. म्हणून मधला उपाय केला, कळंबणी, कडवई, वेरवली, खारेपाटण, अचिर्णे अशी नवी क्रॉसिंग स्टेशनं काढली, म्हणजे एक गाडी बाजूला थांबवून समोरचीला वाट द्यायची जागा. दोन स्टेशनांमधलं अंतर कमी झालं की त्याच रुळावर जास्त गाड्या बसतात.

वीरपर्यंतडबल
आळस शब्द मागे घेतो. सॉरी काका.

दिवा_प्लॅटफॉर्म_सात
क्रॉसिंगचं बोललात म्हणून. आडवलीला आमची पॅसेंजर लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, टाकतात ना, एकदा पाऊण तास उभी होती. लोक खाली उतरून नळावर तोंड धुवत होते, एकजण काजूचे ओले गर विकत होता, शेकड्याचा भाव चाललेला. मग पॉइंट्समननं हिरवा झेंडा धरला आणि समोरून एसी गाडी गेली, सगळ्या काचा बंद, आतलं कोणी दिसत नाही. आम्ही तिच्याकडे बघतोय, ती आमच्याकडे बघतपण नाही. नवीन दहा क्रॉसिंग स्टेशनं काढलीत, बरोबर, पण दर वेळी लूपला कोण पडतं?

माडाखालचो
आमीच 😂

आकडेमोड
हे दुपदरीकरणानं पण सुटणार नाही, प्राधान्य कुणाला हा कागदावरचा निर्णय आहे. कोल्हापूर-वैभववाडी बघा, शंभरएक किमीची लाईन, २०१६ च्या बजेटमध्ये मंजूर, भारतीय रेल्वेच्याच बजेटमध्ये हं. कुठंय? सावंतवाडी टर्मिनसचं भूमिपूजन २०१५ चं.

वीरपर्यंतडबल
तुम्ही विलीनीकरणाच्या बाजूनं आहात ना नक्की?

आकडेमोड
बाजूनंच आहे. खुश कुठं आहे म्हटलं.

घाटमाथ्यावरचा
वैभववाडी लाईन झाली तर आमच्याकडची साखर बंदरात आणि तुमचे आंबे थेट कोल्हापुरात. त्यासाठी मी कुठल्याही झोनला मत देतो.

माडाखालचो
आंबे देतंव, पण गाडी सिंधुदुर्गात थांबाक व्हयी.