विषय: पीएच.डी.ची व्हायवा (तोंडी परीक्षा) तीन आठवड्यांवर, आणि तोंडातून वाक्य निघत नाही

प्रेषक: माशेलहून, आपली धाकटी सभासद

मंडळी, नमस्कार.

मंडळाच्या गणपतीत मुलांची नाटकं बसवते ती मी. आईच्या आजारपणामुळे एप्रिलपासून गोव्यात घरी आहे. प्रबंध मार्चमध्ये सादर केला. विषय तिसवाडी तालुक्यातली खाजन शेती, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीतली शेती: बांध, मानशी (बांधातली पाण्याची दारं) आणि त्यांची देखभाल. विद्यापीठ ब्रिटनमधलं असल्यामुळे व्हायवा इथूनच व्हिडिओवर द्यायची आहे.

चार वर्षांचं काम आहे, मला सगळं ठाऊक आहे. पण "तुमच्या प्रबंधात नवीन काय?" हा प्रश्न स्वतःलाच विचारून इंग्रजीत उत्तर द्यायला लागले की दोन वाक्यांत अडते. मामेभाऊ गोवा विद्यापीठाचा पीएच.डी. आहे. तो म्हणतो, चाळीस स्लाइड्स तयार ठेव, हॉलमध्ये लोक बसलेले असतात. मला तर कोणी स्लाइड्स मागितलेल्याच नाहीत. ज्यांनी हे पार केलंय त्यांनी कृपया सांगा, या तीन आठवड्यांत नेमकं काय करू?

---

प्रेषक: ताळगावहून, जुनी सभासद

बाय,

मी गोव्यात परत येऊन अकरा वर्षं झाली, तरी मंडळाची ही मेल-यादी सोडवत नाही. तुझी मेल वाचली आणि लगेच लिहायला बसले.

आधी स्लाइड्सचं. भाऊ चुकीचं सांगत नाही, तो इथलं सांगतोय. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांप्रमाणे इथल्या तोंडी परीक्षेत मार्गदर्शक आणि दोन बाह्य परीक्षकांपैकी किमान एक असतो, आणि विभागातले प्राध्यापक, इतर संशोधक यांनाही येऊन बसता येतं. त्यामुळे आधी सादरीकरण, मग प्रश्न. तुझी व्हायवा बंद दाराआडची. बहुधा एक परीक्षक तुझ्या विद्यापीठातला, एक बाहेरचा. मार्गदर्शक बसले तरी बोलत नाहीत. त्या दोघांनी प्रबंध शब्दन् शब्द वाचलेला असतो, त्यांना तो पुन्हा ऐकायचा नसतो. विभागाला एक मेल टाकून सादरीकरण हवं का ते विचार. नको म्हणाले तर स्लाइड्सवर एक संध्याकाळही घालवू नकोस.

आता माझं सांगते. माझी व्हायवाही तिकडचीच. बाहेरच्या परीक्षकांनी तिसऱ्याच प्रश्नाला विचारलं, "हीच तीन गावं का निवडलीत?" खरं कारण साधं होतं. त्या गावांत माझी नातेवाईक मंडळी होती, लोक माझ्याशी मोकळेपणाने बोलत, आणि तिथे राहायला घर होतं. ते सांगायची मला लाज वाटली. मी जमिनीचे प्रकार, लोकसंख्या असं काहीबाही जोडत गेले. त्यांनी शांतपणे दुसरा प्रश्न विचारला, मग तिसरा. वीस मिनिटं गेली. शेवटी मी म्हटलं, "माझ्या मावशीचं घर तिथे आहे." त्यावर ते म्हणाले, मग हे पद्धतीच्या प्रकरणात लिहा, आणि त्यामुळे काय दिसलं, काय निसटलं तेही लिहा. किरकोळ दुरुस्त्यांसाठी तीन महिने मिळाले. त्यातली मोठी दुरुस्ती हीच होती.

म्हणून तुझ्या प्रबंधातली जी जागा वाचताना तू पान भराभर उलटतेस, तिथे आत्ताच थांब. ती त्यांनाही दिसलेली आहे. तिथे असं का केलं, दुसरं काय करता आलं असतं, आणि तरी निष्कर्ष कुठवर टिकतो, एवढं सरळ बोलता आलं पाहिजे. चूक नसेल तिथे मात्र माघार घेऊ नकोस. परीक्षक आवाज चढवून विचारतात म्हणजे त्यांना पटलेलं नाही, असं नसतं.

रोज एक प्रकरण वाच, प्रत्येक पानाचं सार समासात एका ओळीत लिही. मार्चनंतर तुझ्या विषयावर काय छापून आलं ते बघ. दोन्ही परीक्षकांचे लेख वाच, त्यांचा ओढा कुठे आहे ते कळतं.

आणि इंग्रजीत अडतेस ना, तर आधी इंग्रजीत बोलूच नकोस. तुझ्या मुलाखती कोकणी-मराठीत झाल्या, विचारही त्यातच झाला असणार. बाबांना समोर बसव आणि अख्खा प्रबंध दहा मिनिटांत मराठीत सांग. ते अडवतील तिथे थांब. ते नीट जमलं की मग इंग्रजी. मला हे फार उशिरा उमगलं.

पावसाचे दिवस आहेत, करंट जाईल. इन्व्हर्टर, फोनचा हॉटस्पॉट तयार ठेव, आणि संपर्क तुटला तर काय करायचं ते विभागाकडून आधीच लेखी घे. पणजीच्या बाजूची खोली हवी असेल तर माझं घर तुझंच आहे.

---

प्रेषक: नेदरलँड्सहून

ताईंच्या पत्राला जोड. आमच्याकडे समारंभ उघड असतो, आणि उमेदवाराबरोबर दोन सोबती उभे राहतात, त्यांना पॅरानिम्फ म्हणतात. वेळ संपली की दंडधारी येऊन "होरा एस्ट" म्हणतो आणि चाललेलं वाक्य अर्धवट राहिलं तरी चालतं. तुला सोबती नाहीत, पण रविवारी दोन तास मी आणि माझी बायको व्हिडिओवर परीक्षक होऊन बसतो. प्रबंध पाठव, आम्ही खरंच वाचून येऊ.

---

प्रेषक: माशेलहून

ताई, काका, मनापासून आभार. काका, रविवार पक्का.

काल रात्री जेवणं झाल्यावर बाबांना बसवलं. मानशीचं दार कसं चालतं ते सांगायला लागले. त्यांनी अडवलं, "भरतीला दार लावतं कोण?" मी माझा तळहात दार म्हणून उभा धरला आणि त्यांना बाहेरून ढकलायला सांगितलं. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं, दार आपोआप बसतं. ओहोटीला आतलं पाणी रेटतं, दार उघडतं. हे मी प्रबंधात तीन पानांत लिहिलंय, तिथे अर्ध्या मिनिटात झालं.

मग १५२६च्या फोरालमध्ये (पोर्तुगीजांच्या सनदेत) नोंदलेल्या गावकरीच्या, म्हणजे गावाच्या सामूहिक संस्थेच्या, रूढींपासून १९६४च्या कूळ कायद्यापर्यंत आले. पूर्वी बांधाची जबाबदारी गावकरीची, नंतर ती कुळांच्या संघांकडे गेली, इथवर ठीक होतं. बाबांनी विचारलं, "मग मानशीतल्या मासळीच्या लिलावाचे पैसे येतात, त्यातून बांध का बांधत नाहीत?"

मला नीट सांगता आलं नाही. उत्तर प्रबंधात आहे, पण तुकड्यातुकड्यांत: थोडं चौथ्या प्रकरणात, थोडं सहाव्यात, एक महत्त्वाची गोष्ट तर तळटिपेत. नवीन काय आहे, तर तेच आहे. आज सकाळपासून ते सगळं एका कागदावर मराठीत लिहितेय. बाबा मध्येच येऊन वाचतात आणि म्हणतात, "हे अजून कळलं नाही, परत सांग."