'सुझरेन्टी'ला मराठीत काय म्हणायचं?

बोरूवाली: मंडळी, तिबेटवरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय आणि १९१४च्या सिमला कराराशी अडलेय. तिबेटवर चीनची 'सुझरेन्टी' (म्हणजे वरचढपणा मानायचा, पण आतला कारभार ज्याचा त्याचा) आहे, पण बाह्य तिबेट (ल्हासाच्या कारभाराखालचा भाग) स्वायत्त, असं त्यात आहे. मी 'चीनचं नाममात्र अधिराज्य' लिहिलं. संपादकांनी खोडून 'सार्वभौमत्व' केलं. म्हणाले, वाचकाला तेवढंच कळतं. अहो, पण ती 'सॉव्हरिन्टी' झाली, म्हणजे पूर्ण सत्ता! सगळं भांडण या दोन शब्दांमधल्या फटीतच आहे ना?

जुनं खोड: 'नाममात्र' तुम्ही पदरचं घातलंत, त्याबद्दल आधी कान उपटतो. आणि 'मांडलिकत्व' हा घरचा शब्द असताना अधिराज्य कशाला?

बोरूवाली: काका, मांडलिकत्व मांडलिकाचं असतं. 'चीनचं मांडलिकत्व' लिहिलं तर चीनच मांडलिक होऊन बसतो.

दप्तरदार: मला 'अधिसत्ता' बरा वाटतो. आपलंच बघा. बाळाजी विश्वनाथांनी १७१९ साली दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीबरोबर 'स्वराज्या'ची सनद आणली. म्हणजे स्वराज्यालासुद्धा बादशाही मोहोर! पुढे मराठी मुलखातल्या टांकसाळींतले रुपये शाह आलमच्या नावाने पडत, तेव्हा दिल्लीत चालत होतं महादजी शिंद्यांचं. याला कुणी मोगलांचं सार्वभौमत्व म्हणेल का?
सिमल्याची गंमत तर याहून मोठी. चिनी वकिलाने मसुद्यावर आद्याक्षरं केली आणि पेकिंगने हात झटकले. मग ३ जुलैला इंग्रज आणि तिबेटी यांनीच आपसांत ठरवलं की चीन सही करत नाही तोवर त्याला करारातले हक्क नाहीत. म्हणजे तो शब्दही उधारीवरचाच.

पाटी-पेन्सिल: १९५० साली आपले चीनमधले राजदूत पणिक्कर यांच्याकडूनही टिपणात 'सुझरेन्टी'ऐवजी 'सॉव्हरिन्टी' गेलं म्हणतात. तुमच्या संपादकांना तेवढं सांगा. आणि ब्रिटनने २००८ साली 'सुझरेन्टी' जुनाट कल्पना म्हणून टाकूनच दिली, तिबेट चीनचा भाग म्हणून मोकळे झाले.

हिमालयवेडा: दोन्ही शब्द इंग्रजांचे. तिबेटी लोकांना विचाराल तर ते 'छो-योन' म्हणतील. छो म्हणजे पूज्य, ज्याला दान द्यायचं तो. योन म्हणजे देणारा, संस्कृतातला दानपती. मंगोल कुब्लाई खानाने तिबेटी बौद्धांच्या साक्य पंथातल्या फाग्पा लामाला गुरू केलं, तेव्हा उच्चासनावर कोण बसणार यावरून अडलं होतं. परंपरा सांगते की तोड अशी निघाली: खाजगीत उपदेश घेताना लामा वर, दरबार भरला की खान वर. आता सांगा, सत्ता कोणाची? लामाचे लोक म्हणणार, राजा आमचा शिष्य. राजाचे म्हणणार, लामा आमच्या पदरी. मी 'यजमान-उपाध्याय संबंध' लिहीन.

माजघर: 'यजमान' नको हो! आमच्याकडे यजमान म्हणजे नवरा. "आमचे यजमान गावाला गेलेत." चीनचा बादशहा तिबेटचा यजमान म्हटलं की निम्मे वाचक अक्षता शोधतील.

जुनं खोड: यजमान म्हणजे यज्ञ करवणारा. नवरा हा अर्थ मागाहून चिकटलेला. मूळ अर्थ वापरायला लाजायचं कारण नाही.

माजघर: मूळ अर्थ कोशात राहतो, मी घरात राहते.

आर्यपुत्र: मुळात 'तिबेट' हाच अपभ्रंश आहे. खरा शब्द त्रिविष्टप.

हिमालयवेडा: अमरकोशात त्रिविष्टप स्वर्गाच्या नावांत आहे. तो म्हणजेच तिबेट, हे स्वामी दयानंदांनी 'सत्यार्थप्रकाशा'त मांडलं. तिबेटी माणूस आपल्या देशाला 'बोद' म्हणतो. आपले भोट, भोटिया त्या घरचे.

आर्यपुत्र: ध्वनिसाम्य तुम्हाला दिसतच नाही का?

माजघर: ध्वनिसाम्यावर जायचं तर आमची आजी 'दुलई लामा' म्हणायची. फोटोत ते कायम अंगाभोवती गुंडाळलेले, म्हणून. मला दहावीपर्यंत तेच नाव खरं वाटायचं.

दप्तरदार: वा! दलाई मंगोल शब्द, अर्थ सागर. १५७८ साली अल्तन खानाने तिबेटी लामा सोनम ग्यात्सोंना ही पदवी दिली. ग्यात्सो म्हणजेही तिबेटीत सागरच. आधीच्या दोघांना ती मरणोत्तर लावली, म्हणून सोनम ग्यात्सो तिसरे. पदवी देणारा पुन्हा मंगोल दानपतीच, बरं का.

बोरूवाली: मजकूर उद्या दुपारी जायचाय हो. अधिसत्ता की यजमान?

जुनं खोड: मांडलिकत्व.

पाटी-पेन्सिल: दुलईवरून आठवलं. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे, नोर्ग्येलिंग. तिथल्या एका बाईंकडून मी थंडीत स्वेटर घेतो. त्या अस्सल झाडीबोलीत भाव करतात. मी एकदा त्यांना "नेपाळहून कधी आलात?" विचारलं, तर स्वेटर परत घडी करून ठेवला.

माजघर: दुलया असतात का हो त्यांच्याकडे?