केबिन क्रूच्या नोकरीसाठी उंची नेमकी किती लागते? संस्थेत पैसे भरण्यापूर्वी सल्ला हवा

खानापूरचे पालक : माझी मुलगी पीयूसी द्वितीय वर्षाला (म्हणजे बारावीला) असून पुढे हवाई सुंदरी व्हायचे तिच्या मनाने घेतले आहे. घरी शिंप्याच्या टेपने मोजली तेव्हा तिची उंची पाच फूट एक इंच भरली. बेळगावातील एका प्रशिक्षण संस्थेत चौकशीला गेलो असता, "एखाददुसरा इंच आम्ही व्यायामाने वाढवून देतो, आधी प्रवेश पक्का करा" असे सांगून त्यांनी निम्मे शुल्क त्याच दिवशी मागितले. नेमकी अट काय आहे आणि ती इतकी काटेकोर का असते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

टिळकवाडीची ताई : काका, मी सहा वर्षे हे काम केले आहे. (आम्हाला केबिन क्रू म्हणा, 'सुंदरी' हा शब्द ऐकला की लोक उंचीचा संबंध रूपाशी जोडतात.) इंडिगो आणि एअर इंडिया यांच्या भरतीत मुलींसाठी साधारणपणे किमान १५५ सेंटिमीटरची अट असते. पाच फूट एक इंच म्हणजे १५४.९४ सेंटिमीटर, म्हणजे तुमची मुलगी अगदी उंबरठ्यावर आहे. पण शिंप्याची टेप वापरून ताणली जाते आणि ताणलेली टेप उंची कमी दाखवते, तेव्हा सुताराची पोलादी टेप आणा. मुलीला अनवाणी, अंबाडा सोडून, टाचा भिंतीला टेकवून उभी करा, डोक्यावर जाड वही काटकोनात धरा आणि वहीच्या खालच्या कडेशी पेन्सिलीने खूण करा. दिवसभरात मणक्यांमधील चकत्या दबून उंची सुमारे एक सेंटिमीटर घटते, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी अशी दोनदा मोजून संध्याकाळचाच आकडा धरा.

सांबऱ्याचा शेजारी : अटीमागचे कारण डोक्यावरच्या कप्प्यांत आहे. प्राणवायूचे नळकांडे, अग्निशामक, मेगाफोन, प्रथमोपचार पेटी असे आणीबाणीचे साहित्य अनेक विमानांत तिथेच ठेवलेले असते, आणि धूर झाला असताना पायाखाली स्टूल शोधत बसता येत नाही. शिवाय आपल्याकडे दर ५० आसनांमागे एक केबिन क्रू असा नियम असल्यामुळे ७८ आसनांच्या एटीआर या छोट्या विमानात दोघीच असतात. एकीचा हात पोहोचला नाही तर दुसरीला हाक मारण्याइतकी सवड नसते. म्हणूनच एमिरेट्स १६० सेंटिमीटर उंचीबरोबर चवड्यांवर उभे राहून २१२ सेंटिमीटरपर्यंत हात पोहोचावा अशी अट घालते, आणि कतार एअरवेजही हाताची पोहोच पाहते. उलट, एटीआरच्या केबिनची उंची १९१ सेंटिमीटरच असल्याने फार उंच माणसाला त्यात दिवसभर मान वाकवून वावरावे लागते, हे मात्र कोणी विचारत नाही.

टिळकवाडीची ताई : व्यायामाने उंची वाढवण्याबद्दल मला स्पष्टच लिहावेसे वाटते. सतरा-अठराव्या वर्षी बहुतेक मुलींच्या हाडांची वाढ थांबलेली असते. व्यायामाने पाठ ताठ होईल, फार तर पोक गेल्यामुळे थोडा फरक पडेल, पण इंच विकत मिळत नाही. निवड झाल्यावर सुरक्षा आणि आणीबाणीचे प्रशिक्षण कंपनीच देते, त्यामुळे बाहेरच्या संस्थेचा अभ्यासक्रम ही काही अट नाही. त्यापेक्षा इंग्रजी बोलण्याकडे लक्ष द्या. मराठी माध्यमातून शिकलेल्या आपल्या मुली बहुधा तिथेच अडखळतात. मात्र मराठी, कन्नड आणि हिंदी या तिन्ही भाषा सहज येत असल्या तर तसे अर्जात आवर्जून लिहा.

खानापूरचे पालक : ताई, आपण सांगितल्याप्रमाणे पोलादी टेपने मोजले. सकाळी १५६.१ आणि संध्याकाळी १५५.३ सेंटिमीटर भरले. भिंतीवर २१२ ची खडूची रेघ ओढून तिला चवड्यांवर उभी केली, तर बोटे २०४ पर्यंतच पोहोचली, म्हणून आखाती कंपन्यांचा विषय तूर्त बाजूला ठेवला आहे. तिथे एमिरेट्सला वयही २१ लागते असे समजले. संस्थेचा आज पुन्हा फोन आला होता, प्रवेश घेणार नाही असे त्यांना कळवले. परीक्षा आटोपली की मुलाखतीच्या तयारीसाठी आपल्याला पुन्हा त्रास देईन.