प्रतिसाद: चाचणी कोडी देऊन घ्यावी की डाव खेळवून?

'गो' या पटावरच्या खेळाचे संगणक प्रोग्राम कसे तपासावेत, या चर्चेत कोणीतरी म्हटलंय की ते व्यावसायिक खेळाडूंना हरवतात, मग वेगळ्या अवघड स्थिती देऊन तपासायची गरज काय? मला हे पटत नाही. सरासरी ताकद आणि नेमक्या अडचणीतली समज या दोन वेगळ्या गोष्टी.

साधी 'शिडी' घ्या. वेढली जाणारी सोंगटी वाचवायला एकेक सोंगटी जोडत तिरकं पळायचं, समोरच्याने पटभर पाठलाग करायचा; शेवटी वाटेत कोणाची सोंगटी आहे एवढंच बघायचं. नवशिक्यालाही जमतं. पण लीला झीरो हा गो प्रोग्राम त्यात चुकायचा, म्हणून काटागो या दुसऱ्या प्रोग्रामला शिडीची माहिती वेगळी पुरवली जाते.

त्याहून बोलकं उदाहरण २०२३चं. एका अमेरिकन हौशी खेळाडूने काटागोशी १५ डाव खेळून १४ जिंकले! युक्ती अशी: प्रोग्रामच्या सोंगट्यांचं कडं होऊ द्यायचं, मग इतरत्र खेळत त्या कड्यालाच हळूहळू वेढायचं. कडं पूर्ण वेढून पकडलं जायला टेकलं तरी प्रोग्राम निर्धास्त. माणसाला ते डोळ्यांनी दिसतं. (ही युक्तीही दुसऱ्या प्रोग्रामनेच शोधून दिली होती, ते सोडा.)

उलट बाजूही आहे. १७१३च्या 'इगो हात्सुयोरोन' या जपानी संग्रहातलं १२०वं कोडं जवळजवळ अख्खा पट व्यापतं. नेहमीच्या काटागोला ते झेपत नव्हतं. त्याच स्थितीवर खास प्रशिक्षण दिल्यावर मात्र त्याने माणसांच्या विश्लेषणातही सुधारणा सुचवल्या.

त्यामुळे चाचणीसंच करणार असाल तर शिड्या, कडी, श्वासांच्या लांब शर्यती (एकमेकांना वेढणाऱ्या गटांपैकी कोणाच्या शेजारच्या मोकळ्या जागा आधी संपतात) हे सगळं घ्या. आणि नुसती पहिली खेळी जुळली म्हणून गुण देऊ नका; पुढचं उत्तर खेळून दाखवायला लावा.