प्रतिसाद: झाडावर चढवला म्हणजे मारलाच असं नाही
'कुत्री लावून कूगरला झाडावर चढवायचं आणि खालून गोळी घालायची, यात कसली आली शिकार' हे वर कोणीतरी लिहिलंय (कूगर म्हणजे प्यूमा, अमेरिकेतलं मोठं रानमांजर). गोळीबद्दल वाद नाही. पण कुत्री लावणारे सगळे मारायलाच जातात हे मात्र पटत नाही. अमेरिकेतल्या माँटाना राज्यात कूगर मारण्याचा ठरलेला कोटा भरला की मारणं बंद होतं, तरी हिवाळ्यात कुत्र्यांनी माग काढून झाडावर चढवायला परवानगी असते. एकदा शेजाऱ्याबरोबर गेले होते. कमरेएवढ्या बर्फातून दोन तास धापा टाकत (माझा जीव अर्धा झाला). दरीत कुत्र्यांचा लांब सूर एकदम तोडक्या, सलग भुंकण्यावर आला तेव्हा तो म्हणाला, 'चढला.' पाइनच्या फांदीवर कान मागे पाडून बसलेली मादी. त्याने दुर्बिणीतून शेपटीखाली पाहिलं: नराला तिथे काळा ठिपका असतो, हिला नव्हता. फोटो काढला, कुत्री साखळीला बांधून मागे ओढली, निघालो. कोटा शिल्लक असता तरी मारली नसती म्हणाला. पिल्लं कुठेतरी लपवून मादी एकटीच फिरते, त्यामुळे बर्फात एकच माग दिसला म्हणजे पिल्लं नाहीत असं होत नाही.

आणि कूगरबद्दल जे कळलंय त्यातलं बरंचसं याच कुत्र्यांमुळे. 1964 पासून आयडाहो राज्यात संशोधक मॉरिस हॉर्नॉकर यांनी विल्बर वाइल्स या शिकाऱ्याच्या कुत्र्यांकडून कूगर झाडावर चढवले, बेशुद्ध करून खुणेचे बिल्ले लावले आणि सोडून दिले. अर्थात प्राण्याची दमछाक होते ती होतेच, ते मला अजून खटकतं.